खिशातील सोन्याचे घड्याळ : एका संग्रहाची कथा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा प्रेमळ आग्रह झाला, तेव्हा ‘सुवर्ण’ हा शब्दच बराच काळ आमच्या मनात घोळत राहिला. सोने म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाटल्या, मोहनमाळ आणि सराफाचा काटा उभा राहतो. परंतु आमच्या घरात सोने आणि काळ यांची सांगड एका निराळ्याच वस्तूने घातली होती. ती वस्तू म्हणजे आमच्या आजोबांचे साखळीचे सोन्याचे घड्याळ.

आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून निघाले ते रेल्वेच्या हिशेब खात्यात नोकरी धरून पूर्वेकडे आले आणि इकडचेच झाले. बंद गळ्याच्या कोटाच्या खिशात ते घड्याळ असे. रोज रात्री नऊ वाजता त्याला चावी देणे हा त्यांचा नेम, आणि त्या वेळी घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. आजोबांच्या पश्चात १९८० साली आमच्या भगिनीचा विवाह ठरला. त्या वर्षीच्या जानेवारीत जगाच्या बाजारात सोन्याने औंसाला सुमारे ८५० डॉलरचा भाव गाठला होता. घड्याळाची सोन्याची डबी आणि साखळी मोडीत गेली, आणि आतील यंत्र एका बिस्किटांच्या डब्यात येऊन पडले. वडिलांच्या त्या निर्णयाला आम्ही कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. लग्नकार्यापुढे घड्याळाची काय कथा! मात्र ते उघडे यंत्र हाती घेतले की एक प्रश्न मनात येतो : त्या दिवशी आपण नेमके काय विकले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही जुन्या घड्याळांच्या इतिहासात शिरलो, आणि तेथे एका विलक्षण संग्रहाची कथा आमच्या हाती लागली. ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अंगावर बाळगण्याजोगी घड्याळे युरोपात सोळाव्या शतकात, मुख्यत्वे दक्षिण जर्मनीत, घडू लागली. त्यांना बहुधा तासाचा एकच काटा असे, आणि वेळ सांगण्यापेक्षा वैभव दाखविण्याचे कामच ती अधिक करीत. १६७५ साली ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने घड्याळाच्या तोलचक्राला नागमोडी केसकमान जोडण्याची कल्पना प्रसिद्ध केली. त्यामुळे घड्याळांचा नेमकेपणा इतका वाढला की मिनिटकाट्याला खरा अर्थ प्राप्त झाला. त्याच सुमारास पुरुषांच्या वेषात लांब बंडी रूढ झाली, आणि गळ्यातले वा कमरेचे घड्याळ खिशात जाऊन बसले. डबीसाठी सोने का, याचेही कारण आहे. सोने गंजत नाही, काळवंडत नाही, आणि कारागिराच्या हाताला वश होते.

या कलेचा मुकुटमणी म्हणजे अब्राहम-लुई ब्रेगे. हा १७४७ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे जन्मला आणि १७७५ च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याने आपले दुकान थाटले. म्हणजे आपल्यासारखाच तो परमुलखात येऊन नाव कमावणारा. १७८३ साली त्याच्याकडे एक चमत्कारिक मागणी आली. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या रक्षकदलातील एका अधिकाऱ्याने तिच्यासाठी घड्याळ घडवावयास सांगितले. त्या काळी ज्ञात असलेल्या सर्व करामती त्यात असाव्यात, शक्य तेथे इतर धातूंऐवजी सोने वापरावे, आणि खर्चाला वा मुदतीला मर्यादा नसावी, अशा त्याच्या अटी होत्या. ब्रेगेच्या वहीत त्या घड्याळाला क्रमांक मिळाला १६०.

पुढे काय झाले हे इतिहास जाणतोच. १७८९ मध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला आणि १६ ऑक्टोबर १७९३ रोजी राणीचा शिरच्छेद झाला. ब्रेगेलाही त्याच वर्षी जीव वाचवून स्वित्झर्लंडला जावे लागले. तो १७९५ मध्ये परतला. १८२३ साली तो निवर्तला, तरी घड्याळ अपुरेच होते. अखेर १८२७ साली, त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत, ते पूर्ण झाले. मागणीला चव्वेचाळीस वर्षे लोटली होती आणि राणीला जाऊन चौतीस. आठशेवर भागांचे हे यंत्र आपोआप चावी घेते. तास, पाव तास आणि मिनिटे नादाने सांगते. लीपवर्ष ध्यानी धरून तारीख दाखविते. सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतील फरक सांगते. एवढेच नव्हे तर उष्णतामापकही त्यात बसविलेला आहे.

ज्या राणीसाठी ते घडले तिने ते कधी पाहिलेच नाही. पुढे ते एका फ्रेंच उमरावाकडे होते. त्याच्याकडून १८३८ साली ते दुरुस्तीसाठी दुकानात आले आणि न्यावयास कोणी परत आले नाही. १८८७ साली ते इंग्लंडमध्ये विकले गेले आणि हस्ते परहस्ते १९१७ साली सर डेव्हिड लायोनेल सॉलोमन्स यांच्या हाती आले. हे गृहस्थ विद्युत्‌शास्त्राचे अभ्यासक होते. १८९५ साली टनब्रिज वेल्स येथे मोटारगाड्यांचे प्रदर्शन भरविणारे ते हेच. ब्रेगेच्या हातची शंभरावर घड्याळे त्यांनी जमविली. ती नुसती जमविली नाहीत, तर एकेकाची चाल तपासून, टिपणे करून १९२१ साली ब्रेगेवर ग्रंथही प्रसिद्ध केला. संग्राहक आणि साठेबाज यांत हाच भेद आहे, असे आम्हांस वाटते. साठेबाज वस्तू कुलुपात ठेवतो, संग्राहक तिची हकीकत लिहितो.

सॉलोमन्स १९२५ साली वारले. संग्रहातील निवडक भाग त्यांच्या कन्या व्हेरा यांच्याकडे गेला. या विदुषीने जेरुसलेम येथे आपले गुरू, इस्लामी कलेचे अभ्यासक एल. ए. मायर यांच्या नावाने संग्रहालय उभारले. ते १९७४ साली खुले झाले, आणि पित्याची घड्याळे तेथे ठेवली गेली. परंतु १५ एप्रिल १९८३ च्या रात्री चोर मागच्या अरुंद खिडकीचे गज वाकवून आत शिरला आणि १०६ मौल्यवान वस्तू घेऊन नाहीसा झाला. त्यांत क्रमांक १६० होता. धोक्याची घंटा बिघडलेली होती!

तेवीस वर्षे त्या घड्याळाचा ठाव लागला नाही. २००४ साली नामान डिलर नावाच्या चोराने मृत्युशय्येवर आपल्या पत्नीला गुपित सांगितले. २००६ साली तिच्या वतीने एका वकिलाने संग्रहालयाशी संधान बांधले आणि ३९ वस्तू परत आल्या. जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या त्या पुड्यांपैकी एकीत राणीचे घड्याळ होते. पुढे फ्रान्समधील तिजोऱ्यांतूनही पुष्कळ वस्तू सापडल्या, आणि एकूण १०६ पैकी ९६ घरी परतल्या.

वाचकहो, या कथेतील एक गोष्ट आम्हांस विशेष विचार करावयास लावते. इतके प्रसिद्ध घड्याळ उघड्या बाजारात विकणे चोराला शक्य नव्हते. डबी वितळवून सोने विकणे मात्र सहज शक्य होते. तरीही त्याने ते केले नाही. चोराच्या हातून जे घडले नाही, ते १९८० साली जगभर सरळमार्गी माणसांच्या हातून घडले. सोन्याच्या त्या भावात असंख्य जुन्या डब्या भट्टीत गेल्या. म्हणूनच आज जुन्या बाजारात डबीवाचून पोरकी झालेली यंत्रे मिळतात. आमच्या बिस्किटांच्या डब्यातील यंत्र हे त्यांतलेच एक.

मोडीचा भाव आणि वस्तूचे मोल यांत अंतर किती असू शकते याचा आणखी एक दाखला देतो. हेन्री ग्रेव्हज या अमेरिकन धनिकासाठी पाटेक फिलिप यांनी १९३३ साली पुरे करून दिलेले सोन्याचे खिशातील घड्याळ २०१४ साली जिनिव्हाच्या लिलावात २ कोटी ३२ लाख स्विस फ्रँकना गेले. त्याचे वजन सुमारे अर्धा किलो. ते सगळेच्या सगळे शुद्ध सोने मानले, तरी त्या वेळच्या भावाने विक्रीच्या किमतीचा हजारावा हिस्साही भरला नसता. आपल्या घरचे घड्याळ अर्थातच तसे नव्हे. पण तत्त्व तेच.

आपल्या पूर्वजांच्या घड्याळांना तर आणखी एक इतिहास आहे. अखिल भारताची एकच प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. त्यापूर्वी मुंबईची वेळ वेगळी, कलकत्त्याची वेगळी, आणि रेल्वे चाले मद्रासच्या वेळेने. आजच्या प्रमाणवेळेहून मुंबईची वेळ ३९ मिनिटे मागे आणि कलकत्त्याची २४ मिनिटे पुढे होती. मुंबईहून कलकत्त्यास येणाऱ्या मराठी माणसाला घड्याळाचे काटे तासाभराहून अधिक पुढे सारावे लागत. परमुलुख म्हणजे काय, हे त्याला प्रथम खिशातल्या घड्याळानेच सांगितले असेल!

आता ज्यांच्या घरी असे घड्याळ आहे, अथवा जे विकत घेऊ इच्छितात, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. प्रथम डबीच्या आतील छाप भिंगाने वाचावेत. ७५० म्हणजे अठरा कॅरट, ५८५ म्हणजे चौदा, ३७५ म्हणजे नऊ. इंग्लंडचे अठरा कॅरट असेल तर मुकुट आणि १८ हा आकडा असतो, आणि शहराची खूण म्हणून लंडनचे बिबट्याचे मुख अथवा बर्मिंगहॅमचा नांगर. १८८० च्या दशकापासूनच्या स्विस डब्यांवर अठरा कॅरटला स्त्रीमुख व चौदाला खार आढळते. दुसरे असे की, ‘वीस वर्षांची हमी’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे दिसली तर डबी भरीव सोन्याची नव्हे, हलक्या धातूवर सोन्याचा पत्रा चढविलेली आहे असे समजावे. आतले झाकण पुष्कळदा साध्या धातूचे असते, म्हणून सर्व वजन सोन्यात धरू नये. तिसरी गोष्ट, डबी, यंत्र आणि तबकडी एकमेकांची मूळची आहेत का ते पाहावे. डबी घासूनपुसून चकचकीत करण्याच्या नादाने नक्षी झिजते आणि किंमत उतरते. चौथी गोष्ट, वर्षानुवर्षे बंद असलेल्या घड्याळाला उत्साहाने चावी देऊ नये. तेल सुकलेले असते. आधी जाणत्या घड्याळजीकडून ते साफ करून घ्यावे. शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याचे निर्बंध आहेत, हेही परदेशी स्थायिक झालेल्या मुलाबाळांकडे घड्याळ धाडण्यापूर्वी ध्यानात असावे.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. क्रमांक १६० ची हकीकत आपल्याला कळली, कारण ब्रेगेच्या दुकानात वह्या लिहिल्या जात आणि त्या जपल्या गेल्या. कोणी मागविले, केव्हा दुरुस्तीस आले, कोणास विकले, याची नोंद राहिली. आमच्या आजोबांनी ते घड्याळ कोठे घेतले, किती पगार असताना घेतले, हे सांगणारे आज कोणी नाही. १९८० साली डबी विकली याची आम्हांस आता खंत नाही. खंत आहे ती आजोबा हयात असताना त्यांना विचारून चार ओळी लिहून ठेवल्या नाहीत याची.

म्हणून मंडळाच्या सभासद बंधुभगिनींना आमची एक विनंती आहे. आपल्या कपाटात आजोबांचे घड्याळ, आजीची नथ, पणजोबांची दौत, जे काही असेल, त्याच्याजवळ एक चिठ्ठी लिहून ठेवा : वस्तू कोणाची, कोणत्या गावाहून आली, कोणी कोणास दिली. पुढच्या पिढीला पैशाची नड पडेल तेव्हा तिने ती खुशाल विकावी. पण आपण काय विकतो आहोत हे तिला ठाऊक असावे. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या जुन्या कार्यवृत्तांच्या वह्या या स्मरणिकेच्या निमित्ताने कपाटाबाहेर आल्याच आहेत. त्यांच्याच शेजारी एक कोरी वही ठेवावी, आणि ज्याने त्याने आपापल्या घरच्या एका वस्तूची हकीकत तीत लिहावी. पहिले पान आम्ही लिहू. यंत्र आमच्यापाशी आहे, आणि रात्री नऊचा तो नेमही आम्हांस अजून आठवतो.