दोन आण्यांचे गाणे

इ. स. १९०० च्या सुमारास लंडनच्या दुकानांत एखाद्या लोकप्रिय गाण्याची, पियानोच्या साथीसह छापलेली प्रत १ शिलिंग ४ पेन्सांना मिळे. त्या वेळच्या विनिमयदराने हा बरोबर आपला एक रुपया. तेच गाणे रस्त्यावरचा फेरीवाला २ पेन्सांना, म्हणजे दोन आण्यांना देई. मधल्या चौदा आण्यांवरून पुढे जे भांडण पेटले, ते ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले.

ग्रामोफोन अद्याप घरोघर पोहोचायचा होता. गाणे घरी आणायचे ते कागदावरच. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर शाळेत गाणे शिकलेली पिढी आता कमावती झाली होती आणि हप्त्याने मिळणारा पियानो कारागिराच्या घरातही येऊन बसला होता. प्रकाशक मात्र सुखवस्तू गिऱ्हाइकाकडे पाहून किंमत ठरवीत. नामवंत गायकांनी मैफलीत गाणे म्हणावे म्हणून त्यांना रॉयल्टी दिली जाई. तीही त्या किमतीतूनच निघे. अशात छायाचित्राच्या साहाय्याने शिळाछाप काढण्याची कला स्वस्त झाली आणि 'द होली सिटी'सारख्या गाण्यांच्या हुबेहूब चोरट्या प्रती रस्तोरस्ती विकल्या जाऊ लागल्या.

१९०२ च्या कायद्याने, मालकाने लेखी मागणी केल्यास, अशा प्रती वॉरंटावाचून जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. पण दंड नव्हता, कैद नव्हती आणि कोणाच्या घरात शिरण्याची मुभाही नव्हती. एक गठ्ठा गेला की फेरीवाला दुसरा आणी. लोकांनी मोर्चे काढले नाहीत, ते नुसते विकत घेत राहिले. एवढा बोलका लोकमताचा कौल आम्हांस क्वचितच आढळला आहे.

या धंद्याचा म्होरक्या जेम्स विलेट्स. 'फिशर' या नावाने तो ओळखला जाई, आणि त्याच्या मंडळीने आपल्या पेढीला चक्क 'पीपल्स म्युझिक पब्लिशिंग कंपनी' असे नाव दिले होते. ज्यांना रुपयाचे गाणे परवडत नाही त्यांच्यापर्यंत आपण ते पोहोचवतो, हा त्याचा बचाव. त्यात सोय किती आणि सच्चेपणा किती, हा प्रश्न उरतोच. संगीतकाराच्या पदरी तो छदामही टाकीत नव्हता. तथापि पार्लमेंटात स्कॉटलंडचे सभासद जेम्स काल्डवेल यांनी कडक कायद्याची वाट वारंवार अडवली, तीही पुष्कळशी याच मुद्द्यावर : आधी किमती उतरवा. वैतागलेल्या प्रकाशकांनी १९०५ साली नवी गाणी छापणेच थांबवण्याचे जाहीर केले.

१९०६ च्या जानेवारीत विलेट्सला कटाच्या आरोपाखाली नऊ महिन्यांची कैद झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवा कायदा आला. चोरटी प्रत विकणाऱ्यास प्रथम ५ पौंडांपर्यंत दंड. पुन्हा सापडल्यास १० पौंडांपर्यंत दंड किंवा दोन महिन्यांपर्यंत कैद, आणि तीही सक्तमजुरीची असू शके. रस्त्यावर विकताना दिसल्यास वॉरंटावाचून अटक. रोजच्या चार पैशांसाठी उभ्या असलेल्या फेरीवाल्यास ५ पौंड, म्हणजे पंचाहत्तर रुपये! संगीतकाराचा हक्क आम्हांस पूर्ण मान्य आहे; परंतु जिच्यामुळे ही चोरी फोफावली, त्या किमतीविषयी या कायद्यात अवाक्षर नव्हते. आपल्या जुन्या घरांतून पेटीशेजारी नाटकांतील पदांच्या हाताने उतरून घेतलेल्या वह्या असत. आमच्या आज्यांना त्यापायी कोणी चोर म्हटले नाही, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

याच कायद्यात एक गमतीदार कलम होते. ग्रामोफोनच्या तबकड्या आणि यांत्रिक पियानोच्या छिद्रांकित गुंडाळ्या त्यातून स्पष्टपणे वगळल्या होत्या. कागदावर उतरवलेले गाणे ही चोरी, तबकडीवर उतरवलेले तेच गाणे मोकळे! कलकत्त्यात गौहरजानचे गाणे १९०२ सालीच ध्वनिमुद्रित झाले होते. तबकड्यांवरील गाणे ब्रिटनमध्ये १९११ च्या कायद्याने या कक्षेत आणले, आणि तोच कायदा थोड्या फेरफारांनिशी १९१४ साली हिंदुस्थानास लागू झाला.