बरोक संगीत आणि युफोनियम

युरोपीय संगीताच्या इतिहासांत सुमारें १६०० ते १७५० या कालखंडास बरोक युग म्हणतात. व्हिवाल्डी, हँडेल व बाख हे या युगाचे अग्रणी. यांपैकीं एकानेंही युफोनियम हें वाद्य पाहिलें नव्हतें. तें पाहणें शक्यही नव्हतें. पितळी वाद्यावर सर्व स्वर सलग काढतां यावेत म्हणून त्याच्या नळीस झडपा बसविण्याची युक्ति स्टोल्त्सेल व ब्ल्यूमेल या दोघांनीं काढली आणि १८१८ सालीं प्रशियांत तिचें पेटंट घेतलें. पुढें १८४३ च्या सुमारास युफोनियम जन्मास आलें. त्याचें जनकत्व सामान्यतः वायमारच्या झोमर या गृहस्थाकडे देतात. नांवाचा मूळ ग्रीक अर्थ 'मधुर आवाजाचें' असा आहे. लग्नाच्या वरातींतील बँडांत खर्जाच्या अंगानें वाजणारें हें पितळी वाद्य महाराष्ट्रांतही अनेकांनीं पाहिलेलें असेल.

बँडांत या वाद्यास मान मिळाला. परंतु एकल वादनासाठीं थोर रचनाकारांनीं त्याच्याकरितां फारसें लिहिलें नाहीं. म्हणून युफोनियमवादक मागें, बरोक युगाकडे वळले. त्या काळचे सोनाटा व कॉन्चेर्टो पियानोच्या साथीसह या वाद्यासाठीं नव्यानें लिहून काढण्याची प्रथा त्यांतून रूढ झाली. प्रश्न असा कीं, ज्या रचनाकारांना हें वाद्य ठाऊकच नव्हतें, त्यांच्या कृति त्यावर वाजविणें ही मूळ कृतीशीं प्रतारणा नव्हे काय?

इतिहासाचें उत्तर तितकें कडक नाहीं. लंडनमध्यें स्थायिक झालेल्या गॅलियार्ड या जर्मन संगीतकारानें १७३३ सालीं सहा सोनाटा प्रसिद्ध केले, ते 'बासून किंवा चेलो' यांसाठीं. एक फुंकीचें वाद्य, दुसरें गजाचें, निवड वादकाची! खुद्द बाखनें १७१३-१४ च्या सुमारास, वायमारच्या दरबारीं असतांना, व्हिवाल्डीचे व्हायोलिनचे कॉन्चेर्टो हार्पसिकॉर्ड व ऑर्गन यांसाठीं लिहून काढले. ज्या वायमारशीं युफोनियमचा जन्म निगडित मानतात, त्याच गांवीं बाखनें रूपांतराची ही कला गिरविली, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

मात्र स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे. त्या काळीं साथ पूर्णपणें लिहून देण्याचा प्रघात नव्हता. रचनाकार फक्त खर्जाची ओळ लिहीत असे व तिच्यावर आंकडे घालीत असे. चेलो ती ओळ वाजवी. हार्पसिकॉर्डवादक डाव्या हातानें तीच धरून उजव्या हातानें, आंकड्यांच्या आधारें, स्वरसंघ तेथल्या तेथें रची. पियानोसाठीं रूपांतर करणाऱ्यास हें सारें कागदावर उतरवावें लागतें, आणि येथेंच त्याची कसोटी लागते. हार्पसिकॉर्डचा नाद बारीक व लवकर विरणारा; पियानोचा भरीव व रेंगाळणारा. शिवाय युफोनियमचा आवाज चेलोच्याच पल्ल्यांतला. त्या पल्ल्यांत पियानोचे दाट स्वरसंघ घातले तर गाणारी ओळ गुदमरते. म्हणून जाणता रूपांतरकार उजवा हात वरच्या सप्तकांत व विरळ ठेवतो, आणि साथीचा चेलो आतां नाहीं हें ओळखून डाव्या हाताची ओळ स्वच्छ राखतो.

दुसरी अडचण श्वासाची. गजाला दम घ्यावा लागत नाहीं. बाखनें १७२० च्या सुमारास एकट्या चेलोसाठीं रचलेल्या सुइटांत जलद स्वरांची सांखळी ओळीमागून ओळी तुटत नाहीं. फुंकणाऱ्याची छाती मात्र तितकी पुरत नाहीं. तेव्हां एखादा स्वर गाळावाच लागतो. तो स्वरसंघाची नुसती पुनरुक्ति करणारा असेल तर श्रोत्यास उणीव भासत नाहीं. पण विसंवादी स्वर व त्याचें समाधान यांच्यामध्येंच श्वास घेतला तर वाक्य अर्ध्यावर तुटतें. चेलोवर एकदम छेडले जाणारे दोन-तीन स्वरही युफोनियमवर एकामागून एक वाजवावे लागतात, किंवा पियानोकडे सोंपवावे लागतात. या सुइटांना पियानोची साथ लिहिण्याचा उद्योग शूमाननें १८५३ सालींच केला होता.

व्हिवाल्डीची कृति हार्पसिकॉर्डवर नेतांना बाखनेंही त्या वाद्याच्या प्रकृतीप्रमाणें मधले स्वर भरले, अलंकार घातले. युफोनियमच्या रूपांतरकारासही तेवढें स्वातंत्र्य आहे. बंधन एकच: खर्जाची ओळ व गाणारी ओळ यांचें नातें तुटूं देऊं नये. तें राहिलें तर वाद्य बदलूनही कृति तीच राहते. तें तुटलें तर उरते ती केवळ बोटांची कसरत.