तमाशासाठीचा प्रवास (बारामती व इंदापूर परिसर)

तमाशासाठीचा प्रवास म्हणजे आपल्या आवडीच्या फडाचा खेळ पाहण्याकरिता रसिकांनी परगावच्या जत्रेस, तंबूस किंवा कला केंद्रास जाण्याची पश्चिम महाराष्ट्रातील प्रथा होय. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतही ती रुजलेली आहे. या भागात ‘फड’ हा शब्द उसाचा, कुस्तीचा आणि तमाशाचा अशा तिन्ही अर्थांनी चालतो. ‘फडावर गेला आहे’ एवढ्या उत्तरावरून मनुष्य नेमका कोठे गेला हे कळत नाही, आणि पुष्कळदा ते कळू नये अशीच उत्तर देणाऱ्याची इच्छा असते.

पूर्वपीठिका

बारामतीचा लावणीशी संबंध पेशवाईपर्यंत मागे जातो. आर्याकार मोरोपंत (१७२९–१७९४) यांचे वास्तव्य बारामतीस होते. सोलापूरचे शाहीर रामजोशी लावण्या रचून गात असत. ब्राह्मणाने तमाशात उभे राहणे त्या काळी निंद्य मानले जाई. त्यांची आणि मोरोपंतांची भेट बारामतीत झाली आणि पुढे रामजोशी मोरोपंतांच्या आर्यांवर कीर्तने करू लागले, असे परंपरेने सांगितले जाते. पंडित कवीने फडावरच्या शाहिराची योग्यता ओळखली, म्हणून ही कथा या परिसरात अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

हंगाम आणि वाटचाल

ढोलकी फडाच्या तमाशाचा हंगाम विजयादशमीस सुरू होतो आणि साधारणतः वैशाखात संपतो. चैत्रात गावोगावच्या जत्रा भरतात, तेव्हा तो ऐन भरात असतो. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तेथे जाऊन सुपारी देतात, म्हणजे खेळाची तारीख आणि बिदागी ठरवितात. बारामतीहून नारायणगाव शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेव्हा पहिला प्रवास पंचांचा आणि दुसरा रसिकांचा, असा हा क्रम आहे. कोणत्या गावाने कोणत्या फडाला सुपारी दिली ही वार्ता जत्रेच्या आधीच पंचक्रोशीत पसरते, आणि आपल्या गावच्या पंचांची निवड पसंत न पडलेले लोक शेजारच्या गावाची वाट धरतात.

पूर्वी हा प्रवास पायी किंवा बैलगाडीने होई. निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बागायत वाढली, साखर कारखाने निघाले, तसा लोकांच्या हाती रोख पैसा येऊ लागला. त्यानंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मालमोटारी आणि अलीकडे दुचाकी व जीपगाड्या आल्या. ट्रॉलीत भाताचा किंवा उसाचा पाचोळा पसरून त्यावर दाटीवाटीने बसलेली मंडळी हे जत्रेच्या रात्रीचे नेहमीचे दृश्य असे.

रात्र आणि हजेरी

खेळाचा आरंभ गणाने होतो. त्यानंतर गवळण, बतावणी, लावण्यांची रंगबाजी आणि अखेरीस वगनाट्य असा क्रम असतो. जुन्या पद्धतीत वग उत्तररात्री रंगे आणि उजाडताना संपे. ही लांबी केवळ हौसेची नव्हती. दहा-वीस मैलांवरून आलेल्या माणसाला रात्री परत जाण्याची सोय नसे. खेळ पहाटेपर्यंत चालला की मुक्कामाचा प्रश्नच उरत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच कलावंत गावात ‘हजेरी’ देत, दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरे, आणि मग गाड्या परतीला लागत. पुढच्या दिवशी शाळेत डुलक्या घेणारी मुले कोणत्या गावची जत्रा झाली हे मास्तरांना न विचारता सांगत.

रसिकांची निष्ठा फडाच्या नावावर असे. कवलापूरचे काळू-बाळू, ‘गाढवाचं लग्न’ या वगासाठी प्रसिद्ध असलेले दादू इंदुरीकर, विठाबाई नारायणगावकर, कांताबाई सातारकर ही नावे ऐकून लोक घर सोडत. सोंगाड्याचे विनोद तोंडपाठ असूनही ते पुन्हा ऐकण्यासाठी जाणे यात कोणाला वावगे वाटत नसे. तोच संवाद आज तो कसा फिरवितो, हे पाहायचे असे.

विठाबाईंविषयीची (१९३५–२००२) एक हकिकत सर्वत्र सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, कळा सुरू झाल्यावर मागे जाऊन प्रसूत झाल्या आणि पुन्हा नाचावयास आल्या. प्रकार कळल्यावर प्रेक्षकांनीच त्यांना थांबण्याची विनंती केली, असेही सांगतात. ही कथा कलावंताच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून दिली जाते. परंतु लांबून आलेल्या लोकांसमोर खेळ मोडू नये हे दडपण किती मोठे असावे, हेही तिच्यातून दिसते.

प्रतिष्ठेचा प्रश्न

या प्रवासात आवडीइतकाच आडोशाचाही भाग होता. स्वतःच्या गावात पुढच्या रांगेत बसणे ज्यांना अवघड वाटे, ते परगावी मोकळेपणाने फेटा उडवीत आणि दौलतजादा करीत. ज्यांच्या कलेसाठी लोक मैलोन्‌मैल जात, ते कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतील होते आणि खेळ संपल्यावर त्यांच्या वाट्याला गावाबाहेरचा तळ येई. स्त्रियांना प्रेक्षक म्हणून जवळजवळ मज्जावच होता. स्वातंत्र्यानंतर लवकरच बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे सुधारणेच्या अटींवर ती उठविण्यात आली. विठाबाईंच्या नावाने राज्य शासन २००६ पासून जीवनगौरव पुरस्कार देते. सन्मान आला, परंतु फार उशिरा आला, असेच म्हणावे लागते.

कला केंद्रे

संगीत बारी हा तमाशाचा दुसरा प्रकार. यात वग नसतो. एका थिएटरात अनेक पार्ट्या आळीपाळीने लावण्या सादर करतात. दौंड तालुक्यातील चौफुला आणि सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंब ही त्यासाठी प्रसिद्ध ठिकाणे आहेत. चौफुला बारामतीकरांना आणि मोडनिंब इंदापूरकरांना सुमारे चाळीस-पन्नास किलोमीटरवर पडते. येथे फड प्रेक्षकाकडे येत नाही, प्रेक्षकालाच जावे लागते. ठराविक गायिकेच्या बैठकीसाठी वर्षानुवर्षे येणारे जाणकार श्रोते येथे असतात. ठुमरी, बैठकीची लावणी आणि अदाकारी यांतील बारकावे त्यांना समजतात.

अलीकडील बदल

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. वर्षातील मोजक्याच दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते. नियम लोकांच्या झोपेसाठी योग्यच आहे. परंतु त्याने रात्रभराचा वग संपविला. वगाला कात्री लागली, चित्रपटगीतांना जागा मिळाली, आणि दोन तासांच्या खेळासाठी लांबून जाण्याचे कारण उणावले. त्याच सुमारास भ्रमणध्वनीवर लावण्या घरबसल्या दिसू लागल्या.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्च रोजी होता आणि त्याच दिवशी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. ऐन सुपाऱ्यांच्या दिवसांत हंगाम बुडाला. २०२१ मध्येही चैत्रातील जत्रा रद्द झाल्या. अनेक कलावंतांवर मोलमजुरीची वेळ आली.

आवडत्या वादकवृंदासाठी दूर जाण्याची हौस मात्र ओसरलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम झाले, तेव्हा परगावाहून तरुणांची रीघ लागली होती. पुण्यात १९५३ पासून होणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवालाही बाहेरगावचे श्रोते येतात. त्यांना घरून निघताना कोणाची नजर चुकवावी लागत नाही. तमाशाच्या रसिकाला ती सवलत अजूनही पुरती मिळालेली नाही.