खामगावची सरकी पेंड आणि चॅटवरचा अंगठा

परवा कॅन्टीनमध्ये एक मित्र तोंड पाडून बसला होता. ओळखीतल्या एका दुकानदाराची वेबसाइट त्याने बनवून दिली. ठरले होते ४० हजार. कुठे ठरले? चॅटवर! ह्याने लिहिलं, "४० हजारात करून देतो, महिनाअखेर." समोरून नुसता अंगठा. आता काम झाल्यावर तो दुकानदार म्हणतो, "करार कुठे झालाय? सही दाखव."

म्हटलं, थांब, जरा शोधतो. शनिवार कारणी लागला.

तर मंडळी, आपला करार कायदा १८७२चा आणि टेलिफोनचं पेटंट १८७६चं. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांसमोर होती पत्रं आणि तारा. पण त्यांनी एक शहाणपणा केला. प्रत्येक करार कागदावरच हवा, अशी अट घातली नाही. एकाने प्रस्ताव द्यावा, दुसऱ्याने राजीखुशीने स्वीकारावा, मोबदला असावा, हेतू कायदेशीर असावा, की बहुतेक करारांना एवढं पुरतं. स्वीकाराचं पत्र पोस्टात पडलं की प्रस्ताव देणारा बांधला गेला, हेही त्यातच आलं.

मग फोनचं काय? इथे आपलं खामगाव येतं! २२ जुलै १९५९ला अहमदाबादच्या एका पेढीने ट्रंककॉलवर खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीशी सरकी पेंडीचा सौदा केला. माल आला नाही. पेढीने अहमदाबादेत ३१,१५० रुपयांचा दावा ठोकला. केडिया म्हणाले, 'हो' आम्ही खामगावात म्हटलं, खटला तिथे चालवा. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात. १९६५ साली बहुमताने निकाल लागला: फोनवर 'हो' जिथे ऐकू आलं, तिथे करार झाला. म्हणजे अहमदाबाद. न्या. हिदायतुल्ला (नागपुरात वकिली केलेले) मात्र खामगावच्या बाजूने होते. गंमत बघा, भांडण 'कुठे' याचं होतं. तोंडी सौदा करार होऊ शकतो, याबद्दल कायद्याला कधीच अडचण नव्हती.

पुढे ईमेल आलं. २००८च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम १०अ घातलं. केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार फेटाळता येत नाही. २०१०मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता खटल्यात सुप्रीम कोर्टाने ईमेलवर ठरलेला बॉक्साइटचा सौदा मान्य केला. रीतसर कागद सह्या होऊन तयार झाला नव्हता, तरी!

आणि अंगठा? २०२१ साली कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात ८७ टन जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला मेसेजने गेला. त्याने अंगठा पाठवला. माल दिला नाही, आणि २०२३ साली सुमारे ८२ हजार डॉलर भरपाई बसली. तो म्हणत होता, अंगठा म्हणजे फक्त 'मिळालं'. कोर्टाने आधीचे व्यवहार पाहिले. पूर्वी त्याने नुसतं 'ओके' पाठवून माल पोचवला होता. म्हणजे अंगठ्यात जादू नाही, आगेमागे काय घडलं ते महत्त्वाचं. (कॅनडाचा निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, हेही खरं.)

मित्राचं चॅट पुन्हा वाचलं. अंगठ्यानंतर त्याच दुकानदाराने लोगो पाठवलाय, दोनदा रंग बदलायला सांगितलेत. नुसतं 'मिळालं' म्हणणारा माणूस रंग कशाला बदलायला सांगेल?

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. चॅट पुरावा म्हणून द्यायचं तर १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मेसेज डिलीट करू नका आणि फोन सांभाळा. दुसरं, महाराष्ट्रात घरभाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. तिथे अंगठा चालणार नाही :-)

मी काही वकील नाही. मित्राला मात्र वकिलाकडे धाडलंय. केलेल्या कामाच्या पैशासाठी दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं असते, त्यामुळे वेळ आहे.

आणि हो, आता मीही कुणाला अंगठा पाठवताना दोनदा विचार करतो.