दलालाच्या पेढीवरचा नकार

कामवारी नदीच्या काठच्या भिवंडीत 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी माग मांडले, तेव्हा माग आणि बिऱ्हाड बहुधा एकाच छपराखाली असल्याने जागेचा सौदा हा निवाऱ्याइतकाच उदरनिर्वाहाचाही प्रश्न होता. आणि मे 1970 व मे 1984 च्या हिंदू-मुस्लिम दंगलींनी त्या सौद्यास भयाचे एक अलिखित कलम जोडले. पहिल्या दंगलीची छाननी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988 पासून उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांमुळे, 1992-93 मध्ये मुंबई पेटलेली असताना, भिवंडी शांत राहिली, हे यश थोर खरे. परंतु समितीत शेजारी बसणारा मनुष्य आपल्या वाड्यात भाडेकरू म्हणून ठेवणे ही गोष्ट वेगळी.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. राज्याच्या 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमान्वये पात्र अर्जदारास पुरेशा कारणावाचून गृहसंस्थेचे सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारल्यास निबंधकाकडे दाद मागता येते. मात्र अर्ज होईल तेव्हा ना! नाव ऐकून दलाल क्षणभर थांबतो, ‘ती जागा कालच गेली’ म्हणतो, आणि प्रकरण दस्तऐवजावाचूनच निकालात निघते.

दलालाच्या या मधल्या जागेचे मर्म अमेरिकेत, माझ्या मते, डावलल्या गेलेल्या दलालांनीच प्रथम ओळखले. ज्यांच्या येण्याने मालमत्तेची किंमत उतरेल अशा वंशाच्या माणसांना वस्तीत आणू नये, असा नियम तेथील प्रस्थापित दलालसंघाने 1924 मध्ये चक्क नीतिसंहितेत घातला होता. कृष्णवर्णीय दलालांनी 1947 मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय संघटना काढून ‘गृहनिर्माणात लोकशाही’ हे ब्रीद घेतले. सेंट लुइसचे दलाल जेम्स बुश व त्यांचे व्यवसायबंधू यांनी ज्या शेली कुटुंबाच्या दाव्यास द्रव्यबळ पुरवले, त्यात सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये वंशभेदी करारांची अंमलबजावणी न्यायालयांनी करणे घटनाबाह्य ठरवले, आणि 1968 च्या कायद्याने घर नाकारण्याच्या अशा प्रकारांवरच बंदी आली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 2005 मध्ये, अहमदाबादच्या एका गृहसंस्थेचा सभासदत्व पारशांपुरते राखणारा उपविधी ग्राह्य धरला.

आज भिवंडीच्या परिसरात गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. तेथे येणाऱ्या मालाचा धर्म कोणी विचारत नाही. तो माल उतरवणाऱ्या हमालाला खोली हवी असली, की विचारतात.