छोटी रेल्वे आणि हातातला फोन

पिंपरी-चिंचवडकराला रेल्वेचं काय अप्रूप? खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ सालचा. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली १९५४ मध्ये, एमआयडीसी आणि टेल्को त्यानंतर, चाकण तर कालपरवाचं. म्हणजे इथल्या भोंग्यांपेक्षा रेल्वेची शिट्टी जवळजवळ शंभर वर्षांनी जुनी! पण मोठ्या माणसाने घरात छोटी रेल्वे उभारली, की लोक अजून हसतात. "पोरांचा खेळ" म्हणतात.

खेळ खराच, पण त्यामागे चोख इंजिनिअरिंग आहे. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठराविक मापाच्या रुळांवर चालणाऱ्या गाड्या मांडल्या. त्यातली खरी करामत गाडी नव्हतीच, ते ठराविक माप होतं. आज थोडे रूळ घ्या, पुढच्या वर्षी आणखी जोडा. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला 'स्टँडर्ड' म्हणून मिरवतो, ते हेच.

आज सगळ्यांत जास्त चालतं ते 'एचओ' माप, म्हणजे १:८७. त्यात दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. आता गंमत बघा. हे अंतर युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर रुळांवरून आलंय. आपला ब्रॉडगेज १६७६ चा! त्याला ८७ ने भागलं तर १९ च्या वर जातं. म्हणजे बाजारातल्या रुळांवर डेक्कन क्वीन चालवायची, तर ती तब्येतीने जरा बारीकच दिसणार. अगदी काटेकोर करायची तर चाकं, आस, रूळ सगळं हाताने बनवा.

पुण्यात या छंदाचं नाव काढलं की भाऊ जोशींचं नाव निघतंच. आयुष्यभर जोपासलेल्या आवडीतून त्यांनी कोथरूडला लघुरेल्वेचं संग्रहालय उभं केलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांना खुलं झालं. सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस असं अख्खं गावच तिथे मांडलंय. घरातला छंद तिकीट काढून बघण्याजोगा झाला, ही मोठी उडी. पण त्यासाठी कोथरूडला जावं लागायचं.

पुढची उडी फोनने मारली. यूट्यूब २००५ चं, मग स्मार्टफोन घरोघरी आले. हॅम्बुर्गचं 'मिनिआटुर वुंडरलँड' २००१ मध्ये उघडलं आणि २०१६ मध्ये गूगलने चिमुकल्या गाड्यांवर कॅमेरे बसवून तिथल्या छोट्या रस्त्यांचं 'स्ट्रीट व्ह्यू' केलं. फोनचा कॅमेरा इवलासा, तो बोगद्याच्या तोंडाशी ठेवता येतो आणि छोटी गाडी खरी वाटायला लागते. खऱ्या रुळांवर रीलसाठी उभं राहणं हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, शिवाय जीव जातो तो वेगळाच. इथे ती भानगड नाही!

पण गोम अशी, की जो तो गाडी पळतानाच दाखवतो. टेबलाखालची वायरिंग कोण दाखवतो? दोन रुळी मार्ग वळून स्वतःलाच येऊन मिळाला की डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्टसर्किट होतं. नवशिका इथेच अडकतो, गाडी खोक्यात जाते, खोकं माळ्यावर. हजार 'लाइक' मिळाले म्हणून ते खोकं खाली येत नाही.

अमेरिकेत याच छंदातून 'जेएमआरआय' हे मुक्त सॉफ्टवेअर निघालं. त्याच्या जोडीने फोनच गाडीचा हँडल होतो. आणि या सॉफ्टवेअरच्या खटल्यात २००८ मध्ये तिथल्या वरच्या कोर्टाने सांगितलं, की मुक्त परवान्याच्या अटी मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. खेळण्यातल्या आगगाडीने आमच्या अख्ख्या धंद्याला केवढा आधार दिला बघा!

असो. मुद्दा असा, की हा छंद जगतो तो ज्ञान वाटल्याने. आणि भोसरी-चाकणला ज्ञानाची काय वाण? लेथवर शतांश मिलिमीटर पकडणारे हात इथे गल्लोगल्ली आहेत. १९ मिलिमीटरची जोडचाकं त्यांना किस झाड की पत्ती! त्यांच्यापैकी कुणी ती कशी कातली, कुठे चुकली, पुन्हा कशी बसवली, हे फोनवर मराठीत दाखवलं, तर भाऊंसारख्यांनी एकहाती जमवलेलं त्यांच्याबरोबर संपणार नाही. पळती गाडी बघायला गर्दी होते, पण गाडी पुढच्या पिढीत जाते ती उघडून दाखवलेल्या इंजिनामुळेच.