वाट पाहण्याची मर्यादा : पर्युदरशोथाचा इतिहास आणि बडोदे

१९२४ च्या जानेवारीत महात्मा गांधींना येरवड्याच्या तुरुंगातून पुण्याच्या ससून रुग्णालयात हलविण्यात आले. मार्च १९२२ पासून ते सहा वर्षांची शिक्षा भोगत होते. पोटातील दुखण्याचे निदान आंत्रपुच्छशोथ, म्हणजे रूढ भाषेत अपेंडिसायटिस, असे झाले. विश्वासातील डॉक्टरांना बोलावून घेण्याची मुभा सरकारने दिली, तेव्हा गांधींनी दोन नावे सुचविली : डॉ. दलाल आणि बडोद्याचे डॉ. जीवराज मेहता. बडोदे संस्थानच्याच अमरेलीत १८८७ साली जन्मलेले जीवराज मेहता त्या काळी संस्थानच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख होते. दोघांनाही गाठण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले. बडोद्याहून मुंबईमार्गे पुण्याचा आगगाडीचा प्रवास सुमारे सहाशे किलोमीटरांचा होता आणि रोग्याची अवस्था तेवढा अवधी देणारी नव्हती. अखेर १२ जानेवारीच्या रात्री, आपला कर्नल मॅडॉक यांच्यावर पूर्ण विश्वास असून त्यांनी तात्काळ शस्त्रक्रिया करावी, अशा आशयाच्या पत्रावर गांधींनी सही केली.

बडोद्याच्या डॉक्टरांसाठी एक रात्र थांबणे का शक्य नव्हते? आंत्रपुच्छाचा दाह हा स्वतः तितकासा भयंकर नसतो. त्याच्या पाठोपाठ येऊ शकणारा पर्युदरशोथ भयंकर असतो. त्या रात्रीची घाई या दुसऱ्या रोगाच्या भयाने होती, आणि त्या भयामागे वैद्यकाचा मोठा इतिहास उभा होता.

पर्युदर म्हणजे उदरपोकळीला आतून अस्तरासारखे लागलेले आणि जठर, आतडी, यकृत इत्यादी अवयवांना वेढणारे पातळ, ओलसर पटल. त्याचा एकूण विस्तार जवळजवळ शरीरावरील त्वचेइतका भरतो. एवढ्या मोठ्या पृष्ठभागास सूज आली, की रक्तातील द्रव त्या पोकळीत झिरपू लागतो, आतड्यांची हालचाल थांबते, जंतू व त्यांची विषे रक्तात शिरतात आणि नाडी क्षीण होत जाते. आगीत भाजलेल्या माणसाची जी दशा बाहेरून दिसते, तशीच काहीशी दशा येथे आतून होते.

या रोगाचे मुख्य प्रकार तीन मानले जातात. पहिल्या, म्हणजे प्राथमिक, प्रकारात पोटातील कोणताही अवयव फुटलेला नसतो. यकृत निकामी होऊन जलोदर झालेल्या रोग्याच्या पोटातील पाण्यातच जंतूंची वाढ होते. दुसरा, दुय्यम प्रकार सर्वांत अधिक आढळतो. जठराचा किंवा लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाचा व्रण फुटणे, आंत्रपुच्छ फुटणे, विषमज्वराच्या साधारण तिसऱ्या आठवड्यात आतड्यास छिद्र पडणे, अपघातात किंवा शस्त्राने आतडे फाटणे ही त्याची कारणे होत. उपचार होऊनही जंतुसंसर्ग हटत नाही किंवा पुनःपुन्हा उलटतो, तो तिसरा प्रकार. अतिदक्षता विभागांच्या युगात तो ओळखला गेला. यांखेरीज क्षयजंतूंमुळे सावकाश वाढणारा पर्युदरशोथही आपल्या देशात चांगलाच परिचयाचा आहे.

आंत्रपुच्छापासून होणाऱ्या विकाराची वाटचाल विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आरंभी वेदना बेंबीभोवती असते. काही तासांनी ती उजव्या बाजूस खाली सरकते. पोटातील वपा, म्हणजे चरबीचा पदर, त्या जागी येऊन चिकटतो आणि रोगास कोंडून ठेवण्याचा प्रयत्न करतो. हा बांध टिकला तर एकाच जागी गळू होते. न टिकला तर पू सर्व पोटात पसरतो. आंत्रपुच्छ फुटल्यावर कधीकधी कळ एकाएकी ओसरते आणि घरच्यांना हायसे वाटते. पुढे पोट फळीसारखे ताठ होते, ओकाऱ्या सुरू होतात, डोळे खोल जातात, हातपाय गार पडतात. हिप्पोक्राटिसच्या परंपरेने वर्णिलेला मरणोन्मुख चेहरा तो हाच.

आपल्याकडे सुश्रुताने आठ उदररोगांपैकी बद्धगुद आणि परिस्रावी ही दोन उदरे असाध्य म्हटली आहेत. तरीही त्याच अध्यायात त्याने त्यांवर शस्त्रकर्म सांगितले आहे. बेंबीखाली डाव्या बाजूस छेद घ्यावा, आतडे बाहेर काढून तपासावे, छिद्राच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्यांचे दंश करवावेत आणि मुंग्यांची धडे तोडून डोकी तशीच ठेवावीत, असा तो विधी आहे. फुटलेले आतडे बंद केल्यावाचून तरणोपाय नाही, हे मर्म त्याने अचूक हेरले होते. मात्र जंतूंचे ज्ञान आणि भूल देण्याचे आधुनिक साधन नसल्याने ही दिशा शतकानुशतके आडवळणी राहिली.

आधुनिक काळात १८८६ साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी शेकडो रोग्यांच्या नोंदी तपासून दाखवून दिले, की उजव्या कुशीतील अशा घातक विकारांचे मूळ बहुधा आंत्रपुच्छात असते आणि ते वेळीच काढून टाकणे हिताचे. हा विचार सहजासहजी रुजला नाही. लंडनचे प्रख्यात शल्यविशारद फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांची तरुण मुलगी १९०० साली याच विकाराने दगावली. दोनच वर्षांनी त्यांच्यावर राजा सातव्या एडवर्डवरील शस्त्रक्रियेची वेळ आली. २६ जून १९०२ रोजी ठरलेला राज्याभिषेक पुढे ढकलून २४ जून रोजी त्यांनी राजाच्या पोटातील गळवाचा निचरा केला. राजा वाचला आणि ९ ऑगस्टला त्याच्या मस्तकी मुकुट चढला. राज्याभिषेकासारखा सोहळाही या रोगापुढे थांबतो, हे तेव्हा साऱ्या जगाने पाहिले.

ससूनमधील १९२४ ची शस्त्रक्रिया याच परंपरेतील होय. वादळामुळे मध्येच वीज गेली, हातातील विजेरीही विझली, आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पार पडले. पुढे त्या जागी गळू झाल्याने प्रकृती सुधारण्यास वेळ लागला. ५ फेब्रुवारीला सरकारने गांधींची बिनशर्त सुटका केली. पेनिसिलिनचा शोध तेव्हा चार वर्षे दूर होता. रोग्याच्या बाजूने उभे होते ते वेळीच घेतलेला निर्णय, शल्यविशारदाचा हात आणि परिचारिकांची शुश्रूषा, एवढेच.

त्यानंतरच्या काळात बडोद्याचा या कथेशी संबंध वाढत गेला. जीवराज मेहता १९२५ साली मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले. पुढे १९४८ साली बडोदे संस्थानच्या कारभाराची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९४९ मध्ये बडोद्यात वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि जुन्या सरकारी रुग्णालयास, आजच्या सयाजी रुग्णालयास, अध्यापनाची जोड मिळाली. प्रतिजैविकांच्या बाबतीत पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने १९५४ पासून देशात पाया घातला, तर १९०७ साली स्थापन झालेल्या अलेंबिक कंपनीने १९६१ मध्ये बडोद्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू केले. ज्या नगरातून एक डॉक्टर वेळेवर पोहोचू शकला नव्हता, त्या नगरातून औषध गावोगाव पोहोचू लागले.

तथापि औषधांच्या विपुलतेने एक भ्रमही निर्माण केला. प्रतिजैविक रक्तातील जंतूंना आवरते. फुटलेले आतडे ते शिवू शकत नाही. छिद्र बंद करणे, पू धुऊन काढणे, शिरेतून द्रव देणे आणि योग्य प्रतिजैविके वापरणे या चारही गोष्टी दुय्यम पर्युदरशोथात आजही सामान्यतः लागतात, आणि त्या जितक्या लवकर होतील तितके रोग्याचे प्राण वाचण्याची शक्यता अधिक. आपल्या घरांत मात्र पोटदुखीवर प्रथम ओवा, मग शेकणे आणि शेवटी एरंडेल हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. साध्या अपचनात तो खपून जातो. परंतु आंत्रपुच्छ सुजलेले असता एरंडेलासारखे रेचक आतड्यांना जोराने ढवळते आणि ते फुटण्याचा धोका वाढविते. म्हणून पोटात सतत वाढत जाणारी, हालचालीने किंवा खोकल्याने बळावणारी कळ असेल, पोट ताठ होऊन ताप किंवा ओकाऱ्या असतील, तर घरगुती उपाय बाजूस ठेवून रुग्णालय गाठणे, हाच या इतिहासाचा व्यवहारातील अर्थ होय. तज्ज्ञ ओळखीचा असावा असे प्रत्येकास वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. पुण्याच्या त्या रात्री गांधींनी ओळखीच्या डॉक्टरांची वाट पाहिली खरी. पण तिला मर्यादा आहे हे उमगताच समोर असलेल्या डॉक्टरावर त्यांनी विश्वास टाकला.